परक्या शहरात मेट्रो बांधायची आहे?

गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबई, नागपूर आणि पुणे या तिन्ही शहरांत मेट्रो धावू लागली. तिच्या शाफ्टमध्ये, कास्टिंग यार्डात आणि साइटवरच्या पोर्टाकेबिनमध्ये सिव्हिल इंजिनिअरांची एक अख्खी पिढी घडली. कुणी बोगद्याच्या रिंगा मोजल्या, कुणी रात्रपाळीत ग्राउटिंगच्या नोंदी ठेवल्या, कुणी शेजारच्या सोसायटीच्या तक्रारी ऐकून घेतल्या. यातल्या अनेकांना आता टोरांटो, सिडनी, लंडन, न्यूयॉर्क खुणावू लागली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांची मुले-मुली सिव्हिलला आहेत त्या पालकांसाठीही.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. परदेशी जाणारा आपला इंजिनिअर गणितात किंवा काँक्रीटच्या ज्ञानात सहसा कमी पडत नाही. तो अडतो त्या शहराची ओळख नसल्यामुळे. तिथे परवानगी कोण देतो, युनियन कुठे अडून बसते, रहिवासी कशावर चिडतात, करारातले कोणते कलम नंतर महागात पडते, हे कॉलेजात शिकवत नाहीत. मेट्रोचे निम्मे काम जमिनीखाली चालते आणि निम्मे माणसांत. म्हणून कारकिर्दीची आखणी करताना तांत्रिक कौशल्याला जेवढा वेळ द्याल, तेवढाच ते शहर शिकायलाही द्या.

समोर ठेवावी अशी एक कारकीर्द

मायकेल होरोड्निचानू यांचा जन्म १९४४चा, रुमानियातल्या बुखारेस्टचा. कुटुंब इस्रायलला गेले. तिथल्या टेक्निऑनमधून त्यांनी सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि १९७०च्या सुमारास ते न्यूयॉर्कला आले. तिथे कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि पुढे वाहतूक नियोजनात डॉक्टरेट मिळवली. काही काळ शिकवले. १९८६ ते १९९० ते शहराचे वाहतूक आयुक्त होते. नंतर बरीच वर्षे त्यांनी एक सल्लागार कंपनी चालवली. २००८मध्ये, साठी ओलांडल्यावर, ते ‘एमटीए कॅपिटल कन्स्ट्रक्शन’चे अध्यक्ष झाले. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतुकीची सर्वांत मोठी बांधकामे या संस्थेकडे होती.

२०१७पर्यंत ते त्या पदावर राहिले. फुल्टन सेंटर हे मोठे अदलाबदल स्थानक २०१४मध्ये सुरू झाले. सात क्रमांकाच्या मार्गाचा हडसन यार्ड्सपर्यंतचा विस्तार सप्टेंबर २०१५मध्ये आणि सेकंड अॅव्हेन्यू सबवेचा पहिला टप्पा १ जानेवारी २०१७ला प्रवाशांसाठी खुला झाला. पुढे त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात बांधकाम व्यवस्थापन शिकवले. २०२३मध्ये त्यांचे निधन झाले.

या वाटचालीतला क्रम नीट पाहा. डॉक्टरेट बोगद्यात नव्हती, वाहतूक नियोजनात होती. भुयार खणण्याची सर्वोच्च जबाबदारी हाती येण्यापूर्वी त्यांनी रस्त्यावरचे शहर पाहिले होते: सिग्नल, पार्किंग, दुकानदारांची निवेदने, महापौरांचे कार्यालय. पुढे खासगी कंपनी चालवताना निविदा आणि पैशाची बाजू कळली. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून त्या खुर्चीपर्यंत जवळपास चार दशके गेली. घाई असलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

निघण्याआधी: इथल्या कामाची नोंद

आपल्याकडे मिळणारा अनुभव कमी प्रतीचा आहे असा न्यूनगंड अनेकांना असतो. तो काढून टाका. मुंबईची मेट्रो ३ म्हणजे साडेतेहतीस किलोमीटर आणि सत्तावीस स्थानके. एक आरे वगळता सगळी स्थानके भुयारी. बोगदा खणणाऱ्या सतरा यंत्रांनी (टीबीएम) घडवलेला हा मार्ग ऑक्टोबर २०२५मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाला. बेसॉल्ट आणि ब्रेशियातून, जुन्या इमारतींच्या पायाखालून, मिठी नदीच्या तळाखालून बोगदे गेले. पुण्यात मुठेखालून, कसबा आणि मंडईच्या दाट वस्तीतून मार्ग काढावा लागला. नागपुरात वर्धा रोडवर एकाच खांबावर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो उभी आहे. जगातल्या कुठल्याही मुलाखतीत या कामांबद्दल बोलता येते.

अडचण वेगळी आहे. या अनुभवाची नोंद आपल्याकडे नसते. प्रमाणपत्रावर ‘अमुक काळ समाधानकारक काम केले’ एवढेच लिहिलेले असते आणि परदेशातल्या परवाना मंडळाला त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून आजपासून स्वतःची वेगळी साइट डायरी ठेवा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: प्रश्न काय होता, तुम्ही स्वतः कोणता निर्णय घेतला, परिणाम काय झाला. उदाहरणार्थ, सेटलमेंट मार्करने इशारा पातळी ओलांडली तेव्हा फेस प्रेशर वाढवायचे की काम थांबवायचे, हे कोणत्या आधारावर ठरले? तुमचा त्यात वाटा काय? कंपनीची गोपनीय रेखाचित्रे किंवा आकडेवारी मात्र उचलू नका. ते बेकायदा तर आहेच, आणि मुलाखतीत दाखवलीत तर समोरचा तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक सवय बदला. आपण नम्रतेने ‘आम्ही केले’ म्हणतो. परवान्याच्या अर्जात ‘मी काय केले’ हेच विचारतात. ऑस्ट्रेलियात तर ‘करिअर एपिसोड’ नावाची तीन अनुभवकथने प्रथमपुरुषी एकवचनात लिहावी लागतात. इंटरनेटवरून उचललेले कथन पकडले गेले की अर्ज फेटाळला जातो आणि पुन्हा अर्ज करण्यावर बंदी येऊ शकते.

नोकरी सोडण्याआधी तुमच्या थेट वरिष्ठांशी बोलून ठेवा. चार-पाच वर्षांनी तुमच्या कामाची खात्री देण्यासाठी तेच लागतील, आणि तोपर्यंत ते तीन कंपन्या बदलून चौथीत गेलेले असतील. कंपनीच्या ईमेलसोबत त्यांचा स्वतःचा ईमेलही घेऊन ठेवा.

देश निवडण्याआधी परवान्याचे नियम वाचा

परदेशात नोकरी मिळणे आणि रेखाचित्रावर सही करण्याचा अधिकार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवान्याशिवाय वर्षानुवर्षे कुणाच्या तरी हाताखाली काम करता येते, पण वरच्या पायऱ्या बंद राहतात.

पहिली तपासणी घरबसल्या करता येते. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या ‘वॉशिंग्टन अॅकॉर्ड’ या कराराचा भारत २०१४मध्ये पूर्ण सदस्य झाला. पण याचा लाभ सरसकट सगळ्या पदव्यांना मिळत नाही. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने, म्हणजे एनबीएने, टिअर-१ श्रेणीत मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांनाच तो लागू होतो. कॉलेज नामांकित असले तरी तुमची शाखा आणि तुमचे उत्तीर्ण होण्याचे वर्ष त्या यादीत आहे का, हे पाहा. असेल तर ऑस्ट्रेलियासारख्या देशात पदवीच्या मूल्यमापनाची मोठी पायरी सोपी होते. नसेल तर वाट लांबते, बंद होत नाही.

अमेरिकेत परवाना देशाचा नसतो, राज्याचा असतो. साधारण क्रम असा: ‘एफई’ परीक्षा, मग साधारण चार वर्षांचा अनुभव, मग ‘पीई’ परीक्षा. दोन्ही परीक्षा एनसीईईएस ही संस्था घेते आणि परदेशी पदव्यांचे मूल्यमापनही करते. अटी राज्यागणिक बदलतात, म्हणून ज्या राज्यात राहायचे त्याचे नियम आधी वाचा. एफई परीक्षा शक्य तितक्या लवकर द्या. द्रवगतिकी आणि स्टॅटिक्स डोक्यात ताजे असतात तेव्हा ती सोपी जाते. पाच वर्षे साइटवर काढल्यावर तीच जड होते.

कॅनडात परवाना प्रांताकडून मिळतो. ओंटारिओच्या नियामक संस्थेने २०२३मध्ये एक वर्षाच्या कॅनडियन अनुभवाची अट काढून टाकली, त्यामुळे भारतातला अनुभव आता तिथे मोजला जातो. तरीही तो चार वर्षांचा हवा, दिलेल्या निकषांनुसार मांडलेला हवा आणि कायदा व व्यावसायिक नीतीची परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी. ब्रिटनमध्ये ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हा दर्जा महत्त्वाचा. तो इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्समार्फत मिळवता येतो आणि त्यासाठी ज्येष्ठ इंजिनिअरांसमोर स्वतःच्या कामावर मुलाखत द्यावी लागते. साइट डायरी इथे उपयोगी पडते.

व्हिसाचे गणितही आधीच मांडा. अमेरिकेत एच-१बीच्या वर्षाला ८५ हजार जागा सोडतीने भरल्या जातात, आणि सप्टेंबर २०२५मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग फार मोठी आहे. मेट्रोचा एक प्रकल्प दहा वर्षे चालतो आणि कुटुंबाचे आयुष्य त्याभोवती बांधले जाते. त्यामुळे ‘पुढचे पुढे पाहू’ हे धोरण इथे चालत नाही. नियम वारंवार बदलतात, एजंटाच्या शब्दावर न जाता सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा.

पहिली नोकरी कुठे धरावी

मेट्रोच्या कामात साधारण तीन बाजू असतात: मालक संस्था, सल्लागार आणि कंत्राटदार. नवख्याला बहुतेकदा सल्लागार किंवा कंत्राटदाराकडे प्रवेश मिळतो. पहिली दोन-तीन वर्षे कंत्राटदाराकडे, म्हणजे प्रत्यक्ष साइटवर काढावीत असे माझे मत आहे. त्या देशात काम खरोखर कसे होते हे तिथेच कळते. पुढे सल्लागाराकडे गेलात की कागदावरच्या वेळापत्रकातली पोकळी तुम्हाला लगेच दिसते. मालक संस्थेत शेवटी जावे, कारण तिथे तिन्ही बाजूंची भाषा समजावी लागते.

साइटवर पाऊल ठेवण्याआधी सुरक्षेचे स्थानिक कार्ड काढा: अमेरिकेत ओशाचे ३० तासांचे प्रशिक्षण, ब्रिटनमध्ये सीएससीएस कार्ड, ऑस्ट्रेलियात व्हाइट कार्ड. खर्च फार नसतो, आणि अर्जात ते दिसले की माणूस तयारीने आलाय हे कळते. अमेरिकेत फूट, इंच आणि पाउंडांत विचार करण्याचा सरावही आधीच करा. तिथल्या बैठकीत मनातल्या मनात मिलिमीटर करत बसलात की चर्चा पुढे निघून जाते.

युनियनचा भाग नीट समजून घ्या. न्यूयॉर्कमध्ये बोगदा खणणाऱ्या कामगारांना ‘सँडहॉग’ म्हणतात आणि त्यांची स्वतःची जुनी, बलवान संघटना आहे. कोणते काम कोणाचे, एका टोळीत किती माणसे, हे करारात ठरलेले असते. आपल्या साइटवर इंजिनिअराने चटकन पाना उचलून बोल्ट आवळला तर लोक कौतुक करतात. तिथे त्यावरून तक्रार होऊ शकते, कारण तो दुसऱ्याच्या हक्काच्या कामावर हात टाकणे ठरते. फोरमनशी पहिल्या आठवड्यात ओळख करून घ्या, नाव लक्षात ठेवा आणि सूचना त्याच्यामार्फतच द्या.

करार वाचायची सवय

आपले इंजिनिअर ड्रॉइंग बारकाईने वाचतात आणि करार कंत्राट विभागावर सोडतात. वर चढायचे असेल तर ही वाटणी मोडा. मेट्रो ३ला जपानच्या जायका या संस्थेचे कर्ज होते. अशा आंतरराष्ट्रीय कर्जाच्या कामांत फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारांतल्या अटी सर्रास आढळतात, म्हणजे हा अभ्यास इथेच सुरू करता येतो. फिडिकने २०१९मध्ये भुयारी कामांसाठी ‘एमराल्ड बुक’ काढले. त्याचा गाभा असा: जमीन कशी निघेल याचा एक आधार-अहवाल दोन्ही बाजूंनी मान्य करायचा आणि प्रत्यक्षात खडक त्याहून वेगळा निघाला तर जोखीम कोणी सोसायची हे आधीच ठरवायचे. बोगद्याच्या कामातले बरेच मोठे वाद याच एका प्रश्नावर होतात.

ब्रिटनमध्ये एनईसी करार रूढ आहे. त्यात खर्च किंवा मुदत वाढण्याची शंका येताच लेखी पूर्वसूचना देणे बंधनकारक असते. साहेबांचा मूड पाहून वाईट बातमी सांगण्याची आपली रीत तिथे नडते. उशिरा सांगितलेल्या अडचणीचा मोबदला कापला जातो. अडचण दिसली की त्याच दिवशी लिहा, सोबत दोन उपाय लिहा.

रस्त्यावरची माणसे

सेकंड अॅव्हेन्यूखालून रेल्वे न्यायची चर्चा न्यूयॉर्कमध्ये १९२०च्या दशकापासून होती. १९७२मध्ये काम सुरू झाले आणि शहर आर्थिक संकटात सापडल्याने १९७५मध्ये थांबले. २००७मध्ये पुन्हा सुरुवात झाली तेव्हा रहिवाशांचा विश्वास उडालेला होता. त्यात सुरुंगाचे धक्के, धूळ, दुकानांसमोरचे पत्रे. ऑगस्ट २०१२मध्ये ७२व्या रस्त्याजवळच्या एका स्फोटात दगड रस्त्यावर उडाले आणि आसपासच्या काचा फुटल्या. सुदैवाने कुणी जखमी झाले नाही. पुढे २०१३मध्ये सेकंड अॅव्हेन्यूवर नागरिकांसाठी माहिती केंद्र उघडले गेले. लोकांना बोगदा दाखवायला नेण्यावरही होरोड्निचानू यांच्या काळात भर होता.

हे आपल्याला नवे नाही. कफ परेडच्या एका रहिवाशाच्या याचिकेवर २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मेट्रो ३चे रात्रीचे काम थांबवले होते, आणि नंतर ते अटींसह सुरू झाले. गिरगाव-काळबादेवीत विस्थापित कुटुंबांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे ठरवावे लागले. अशा बैठकांना तुम्ही हजर राहिला असाल तर ते बायोडेटात लिहा. टीबीएम चालवलेला माणूस शोधून सापडतो. संतापलेल्या दीडशे रहिवाशांसमोर उभे राहून उत्तरे दिलेला इंजिनिअर प्रकल्प संचालकाला क्वचित मिळतो.

परदेशात गेल्यावर हे काम टाळू नका. उच्चारांची लाज वाटून आपले लोक सार्वजनिक सभेत मागच्या खुर्चीवर बसतात. तिथेच बढती अडते. आधी टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधीची सुरक्षेची छोटी बैठक घ्या, मग साप्ताहिक बैठक चालवा, मग वस्तीच्या सभेत पाच मिनिटे बोला. उच्चार हळूहळू सुधारतील, त्यांची वाट पाहत बसू नका. स्थानिक वर्तमानपत्र रोज वाचा आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावरची चर्चा एकदा तरी पूर्ण ऐका. मराठी मंडळात जरूर जा, गणपतीला आणि आधाराला ती हक्काची जागा आहे. पण कामाच्या ओळखी व्यावसायिक संस्थांच्या बैठकांत होतात. लंडनमध्ये ब्रिटिश टनेलिंग सोसायटी, अमेरिकेत सिव्हिल इंजिनिअरांच्या सोसायटीच्या शहरशाखा, अशा ठिकाणी दर महिन्याला हजेरी लावा.

बोगदा झाला तरी मेट्रो होत नाही

सिव्हिलच्या माणसाला ब्रेकथ्रूचा, म्हणजे बोगदा आरपार निघण्याचा दिवस सण वाटतो. पण हडसन यार्ड्सच्या विस्ताराची गोष्ट पाहा. डिसेंबर २०१३मध्ये तत्कालीन महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी त्यावरून औपचारिक फेरी मारली, आणि प्रवाशांसाठी स्थानक उघडायला सप्टेंबर २०१५ उजाडला. उशिरामागे तिरप्या लिफ्टच्या चाचण्या हे एक मोठे कारण होते. लंडनच्या एलिझाबेथ लाइनचे ४२ किलोमीटरचे बोगदे २०१५मध्ये खणून झाले, गाडी डिसेंबर २०१८मध्ये धावायची होती आणि धावली मे २०२२मध्ये. सिग्नल यंत्रणा, सॉफ्टवेअर आणि स्थानकांची जुळणी यांत वर्षे गेली.

म्हणून सिव्हिलपुरते थांबू नका. सीबीटीसी सिग्नलिंग म्हणजे काय, प्लॅटफॉर्मचे काचेचे दरवाजे गाडीशी कसे बोलतात, आग लागली तर बोगद्यातला धूर कोणत्या दिशेला ढकलायचा, एनएफपीए १३० हे अग्निसुरक्षेचे मानक काय मागते, एवढे तरी शिका. चाचणी आणि कमिशनिंगच्या टप्प्यात सहा महिने काढायची संधी मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी घ्या. प्रकल्पाचा प्रमुख व्हायचे असेल तर हा टप्पा पाहिलेला असावाच लागतो.

खुर्चीचा हिशेब

शेवटी होरोड्निचानू यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू. सेकंड अॅव्हेन्यूच्या पहिल्या टप्प्यात तीन किलोमीटरहून थोडा कमी मार्ग आणि तीन नवी स्थानके झाली, खर्च आला सुमारे साडेचार अब्ज डॉलर. जगातल्या सर्वांत महागड्या भुयारी मार्गांत त्याची गणना होते. त्यांच्याच काळात चाललेला ईस्ट साइड अॅक्सेस हा रेल्वे प्रकल्प जानेवारी २०२३मध्ये उघडला, तोवर खर्च अकरा अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता. यातला बराच दोष जुन्या निर्णयांचा, अनेक संस्थांच्या ओढाताणीचा आणि करारांचा. तरी पत्रकार प्रश्न विचारतात ते खुर्चीत बसलेल्याला. वर जायचे असेल तर दुसऱ्याच्या उशिराचे उत्तर आपल्या नावाने देण्याची तयारी हवी, आणि ‘प्रति किलोमीटर खर्च का वाढला’ हे आकड्यांनिशी सांगता यायला हवे.

आणखी एक विनंती, जे आधीच तिकडे स्थिरावले आहेत त्यांना. परवान्याच्या अर्जाला परवानाधारक इंजिनिअरांची शिफारस किंवा अनुभवाची पडताळणी लागते आणि नवख्याच्या ओळखीचे असे कुणी नसते. ज्याचे काम तुम्ही स्वतः पाहिले आहे अशा एका तरी नव्या माणसाचा अर्ज दरवर्षी वाचा, तो दुरुस्त करून द्या आणि प्रामाणिकपणे सही करा. एका सहीने त्याची दोन-तीन वर्षे वाचतात.